बालतस्करीवर कथा-कादंबरी लिहिताना

बालतस्करीवरच्या कथेत पहिल्या चार-पाच पानांतच बहुतेक वेळा एक गाडी येते. काचा काळ्या, शाळेबाहेर एकटं मूल, तोंडावर रुमाल. मग अंधारी खोली, मार, अत्याचार आणि शेवटी पोलिसांची धाड. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मुलं अशी क्वचितच जातात. ती दिवसाढवळ्या, ओळखीच्या माणसाचा हात धरून, आईने भरून दिलेली पिशवी घेऊन जातात. काळ्या गाडीची कथा वाचून वाचक फक्त अनोळखी माणसांना घाबरायला शिकतो, आणि खरा दलाल त्याच्या ओसरीवर चहा पिऊन जातो.

म्हणून लिहिण्याआधी एक ठरवून टाका. मुलाचा व्यवहार कसा झाला ते जितकं बारकाईने लिहिता येईल तितकं लिहायचं. त्याच्या शरीराचं काय झालं ते जवळजवळ लिहायचंच नाही.

आधी धंदा ठरवा

‘तस्करी’ या एका शब्दाखाली अनेक वेगळे धंदे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ शोषणाच्या व्याख्येत शारीरिक आणि लैंगिक शोषण, गुलामगिरी, वेठ, भीक मागायला लावणं, अवयव काढून घेणं हे सगळं धरतं. पळवून नेणं ही त्यातली फक्त एक रीत. आमिष दाखवणं, फसवणं, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याला पैसे देऊन राजी करणं, याही तस्करीच्याच रीती आहेत. बळी पडलेल्याची संमती होती की नव्हती, याला या कलमात महत्त्व नाही. त्यामुळे तुमच्या कथेतली मुलगी हसत-हसत गेली तरी ती तस्करीच ठरते. उलट तशी कथा जास्त खरी वाटेल.

मुंबईत मदनपुरा, धारावी, गोवंडीच्या जरीकामाच्या गाळ्यांत बिहारच्या सीतामढी, मधुबनी, दरभंगा भागातली मुलं आणली गेली. जयपूरच्या लाखेच्या बांगड्यांच्या कामाला गया भागातली मुलं नेली गेली. घरकामाला नेलेली मुलगी यांपेक्षा वेगळी, देहविक्रीत ढकललेली मुलगी त्याहून वेगळी. प्रत्येक धंद्याचा हंगाम वेगळा, हिशेब वेगळा, मुलाच्या अंगावर उमटणारी खूण वेगळी. जरीवाल्या मुलाची पाठ आणि डोळे जातात, लाखेच्या कामात शेगडीपाशी बसून बोटं पोळतात. एका कथेत एकच धंदा घ्या. तीन घेतले की एकही नीट उभा राहत नाही.

इथे पुढे उदाहरण घेतलं आहे ते कातकरी या आदिवासी समाजातल्या मुलांचं. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातलं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोलात कातकऱ्यांची मुलं मेंढ्या राखायला दिली गेल्याचं बाहेर आलं. त्यातल्या एका मुलीचा मृत्यू झाला, म्हणून तर ते बाहेर आलं.

कातकऱ्यांचं वर्ष समजून घेतल्याशिवाय हा व्यवहार समजत नाही. पावसाळ्यात हाताला काम कमी आणि घरात धान्य कमी, तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मालक उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब ती फेडायला भट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परत येतं. हिशेबाची वही मालकाकडे असते, त्यामुळे उचल फिटता फिटत नाही. मेंढपाळांचे कळपही पावसाळा संपला की चराईसाठी बाहेर पडतात. कागदावर ही दोन वर्षं शेजारी शेजारी आखा, म्हणजे तुमच्या कथेतलं मूल कोणत्या आठवड्यात घराबाहेर पडेल ते आपोआप कळेल.

माहिती कुणाकडून घ्यायची

सुटका झालेल्या मुलांची मुलाखत घेऊ नका. बालगृहाच्या अधीक्षकांनी परवानगी दिली तरीही नको. प्रत्येक वेळी सांगताना मूल तिथे परत जातं, आणि तुमच्याकडे त्याला परत आणण्याचं कौशल्य नसतं. आता प्रौढ झालेल्या, स्वतःहून बोलायला तयार असलेल्या व्यक्तीशी बोलायचं असेल तर ओळखीच्या संस्थेमार्फत बोला, समुपदेशक जवळ असू द्या, वेळेचे पैसे द्या, आणि ‘छापायच्या आदल्या दिवशीही नको म्हणालात तरी चालेल’ हे आधीच स्पष्ट सांगा. ‘तुमच्यावर काय काय झालं?’ असं विचारू नका. ‘सकाळी आधी काय करायचात?’, ‘जेवण कुठे ठेवलेलं असायचं?’, ‘मालक चिडला की पहिल्यांदा कुणाकडे बघायचा?’ असे प्रश्न विचारा. कथेला लागतं ते यातून मिळतं.

बरीचशी माहिती मुलांशिवायच मिळते. बालकल्याण समितीचे माजी सदस्य, सरकारी वकील, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी, अंगणवाडी सेविका, रेल्वे सुरक्षा दलाचे जवान यांच्याशी बोला. ठाणे-पालघरकडे वेठबिगारांच्या सुटकेचं काम श्रमजीवी संघटनेने अनेक वर्षं केलं आहे, तर कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी प्रेरणा संस्थेने. आश्रमशाळेच्या शिक्षकाकडे एक तास बसलात तर दिवाळीनंतर वर्गातली कोणती बाकं रिकामी होतात ते तो नावानिशी सांगेल. ती नावं वहीत लिहू नका, बाकं लिहा.

खऱ्या प्रकरणावरून लिहीत असाल तर फक्त नाव बदलून भागत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला मनाई करतं. लैंगिक गुन्हा असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आहेच. मूल मरण पावलं असलं तरी ओळख उघड करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. निदान पाच गोष्टी बदला: तालुका, हंगाम, भावंडांतला क्रम, कामाचा प्रकार, आणि प्रकरण ज्या प्रसंगाने उघडकीला आलं तो प्रसंग. पाचवी गोष्ट बदलायला लेखक सर्वांत नाखूश असतात, कारण नाट्य तिथेच असतं. पण वाडीतली माणसं नेमकी तेवढ्यावरूनच मूल ओळखतात.

व्यवहाराचं दृश्य

हे तुमच्या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं दृश्य, आणि नेमकं हेच एका वाक्यात उरकलं जातं. आधी हा नेहमीचा नमुना पाहा:

‘गरिबीने पिचलेल्या बापाने पोटच्या गोळ्याचा सौदा केला. ती कोवळी कळी नराधमांच्या हाती पडली. तिच्या निरागस डोळ्यांत भीती दाटून आली.’

इथे बाप राक्षस झाला, मुलगी फूल झाली, आणि पैसे कुणी, कशाच्या बदल्यात, कोणत्या शब्दांत दिले हे कळलंच नाही. आता हेच वहीजवळ बसून लिहू:

‘तात्याने वहीचं पान उलटलं. बाच्या नावापुढे सात हजार होते. त्याखाली त्याने “पोर एक” असं लिहून रेघ ओढली. “शाळा?” आईने विचारलं. “जूनला आणून सोडतो की,” तो म्हणाला. दाराशी बांधलेली मेंढी दाव्याला हिसके देत होती. सुमीने तिच्यापुढे पाणी ठेवलं. मग आत जाऊन आपला फ्रॉक आणला, दोन्ही बाह्या आत दुमडून घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.’

दुसऱ्या उताऱ्यात भीती हा शब्द नाही. जुनं कर्ज आहे, त्यात मिसळलेलं मूल आहे, आणि आईचा एका शब्दाचा प्रश्न आहे, ज्यातून तिला सगळं कळत होतं हेही दिसतं. ‘विकली’ हे क्रियापद कुणीच उच्चारत नाही, कारण अशा वेळी ते कुणीच उच्चारत नाही. बोलण्यात ‘पाठवली’, ‘कामाला लावली’, ‘तात्यांकडे असते’ असंच येतं. रक्कम लिहा, पण लहान लिहा. लाखांचे आकडे टाकले की वाचकाला हे दूरच्या टोळ्यांचं काम वाटतं. सात हजार वाचल्यावर तो थबकतो.

आई-बापांना मोकळं सोडायचं असं नाही. त्यांच्यासमोर त्या आठवड्यात कोणकोणते रस्ते होते ते मात्र दाखवा: रेशन कार्ड होतं का, मागची उचल कुणाची होती, धाकटं पोर आजारी होतं का. त्यानंतर वाचकाने त्यांच्यावर रागवायचं की नाही ते त्याच्यावर सोडा.

हिंसा कुठवर

लैंगिक अत्याचाराचं दृश्य लिहू नका. सूचक पद्धतीने, ‘कलात्मक’ पद्धतीनेही नको. मुलाच्या शरीराचं वर्णन अत्याचार करणाऱ्याच्या नजरेतून तर कधीच नको, कारण त्या परिच्छेदापुरता वाचक त्याच नजरेत उभा राहतो. कायद्याचीही बाजू आहे: माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब मध्ये मुलांचं अश्लील किंवा लैंगिक चित्रण करणाऱ्या प्रतिमांबरोबर मजकुराचाही उल्लेख आहे. साहित्याला अपवाद ठेवला आहे, पण मुळात त्या अपवादाच्या कडेवर चालायची कथेला गरजच पडत नाही.

दार बंद होण्याआधी थांबा आणि पुढचा प्रसंग दुसऱ्या दिवशी, एखाद्या वस्तूपासून सुरू करा. अर्धा भाकरतुकडा न खाता कनवटीला बांधून ठेवणारं मूल, पायात घातलेली दुसऱ्या कुणाची चप्पल, नाव विचारल्यावर पडलेला जरासा विराम. मारहाण दाखवायची असेल तर एकदाच दाखवा, आणि दुसऱ्या वेळी फक्त तिच्या आधीचा आवाज द्या. पाचव्यांदा मार वाचणाऱ्या वाचकाचं मन निबर होतं. ते तसं झालं तर तो दोष लिहिणाऱ्याचा.

तपशील टाळायची आणखी एक जागा आहे. खोटी कागदपत्रं कशी बनतात, कोणत्या स्थानकावर तपासणी ढिली असते, मुलाला गप्प कसं ठेवतात, याची कृती देऊ नका. वाचकाला परिणाम कळला की पुरे.

मूल हे माणूस आहे

तस्करीतलं मूल सतत रडत नाही. ते काम शिकतं, त्यात हुशारही होतं, कळपातल्या एखाद्या कोकराला नाव ठेवतं. मालकाच्या बायकोने एकदा डोक्याला तेल लावलं तर ते महिनाभर लक्षात ठेवतं. ज्याने आणलं त्याच्यावरच जीव लावतं, कारण त्या जगात घराचा पत्ता माहीत असलेला तो एकच माणूस असतो. ही माया लिहायला कचरू नका. तिच्यामुळे गुन्हा लहान होत नाही, उलट गुन्ह्याची पकड दिसते.

वेळेचं भान मुलाच्या पद्धतीने लिहा. नऊ वर्षांच्या मुलीला ‘चार महिने’ कळत नाहीत, ‘दोनदा केस कापले तेवढे दिवस’ कळतात. तिला एखादी इच्छा द्या जिचा सुटकेशी संबंध नाही: पोहायला शिकायचं आहे, मोबाइलवर कुणाचा तरी आवाज ऐकायचा आहे. आणि एखादा छोटा निर्णय तिचा तिने घेतलेला असू द्या. पळून जाण्याचाच असायला हवा असं नाही, खोटं नाव सांगायचं की खरं, एवढासुद्धा चालेल.

बोली येत नसेल तर कातकरी संवाद बनवू नका. शब्दांच्या शेवटी दोन-चार प्रत्यय लावून केलेली ‘आदिवासी भाषा’ त्या वाचकांना चेष्टा वाटते. साधं, तुटक मराठी लिहा आणि वाडीतल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाकडून वाचून घ्या, मोबदला देऊन.

आणणारा आणि ठेवून घेणारा

दलाल बाई असू शकते, आत्या असू शकते, पूर्वी स्वतः असंच नेलेलं मूलही असू शकतं. त्याला एक बोलणं द्या ज्यावर त्याचा स्वतःचा विश्वास आहे: ‘इथे काय खात होती, तिकडे दोन वेळ जेवते.’ अशा वाक्याला लगेच उत्तर देऊ नका.

जात आणि धर्म यांच्या बाबतीत फार जपून. मेंढपाळाच्या वाड्यावर मूल राबत होतं म्हणून अख्खा धनगर समाज खलनायक होत नाही. त्या समाजातलीही असंख्य लेकरं कळपामागे चालत शाळेला मुकलेली आहेत, आणि कथेत तसं एखादं मूल शेजारी ठेवलंत तर चित्र खरं होईल. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवून घेतली गेली आणि त्यांना मदरशात घेऊन चाललेल्या माणसांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला. २०२४ मध्ये तो गैरसमजातून दाखल झाल्याचं सांगत प्रकरण बंद केलं गेलं. तोवर माणसं तुरुंगात आणि मुलं घरापासून दूर राहून आली होती. दाढी, टोपी आणि रेल्वेचा डबा एवढ्यावर संशयाचा प्रसंग रचणार असाल तर हे आधी आठवा.

सुटका आणि कायदा: इथे सर्वाधिक चुका होतात

‘चोवीस तास वाट बघा, मग तक्रार घेऊ’ हे वाक्य कथेतल्या हवालदाराच्या तोंडी नेहमी असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशानंतर हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर थेट गुन्हा नोंदवायचा असतो. अल्पवयीन मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा, प्रौढ हरवला की नुसती मिसिंग. तुमच्या हवालदाराने तरीही टाळाटाळ केली तर तो नियम मोडतोय हे कथेत कुणाला तरी माहीत असू द्या.

सुटका झालेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री. खोली बहुधा साधीच असते: टेबल, फायली, भिंतीवर कार्टून. तिथून मूल बालगृहात जातं. कथांत त्याला सर्रास ‘सुधारगृहात’ टाकतात. ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप आहे ती निरीक्षणगृहात जातात, तस्करीतून सुटलेलं मूल नाही. लोक मात्र दोन्हींना ‘रिमांड होम’च म्हणतात, आणि आईच्या तोंडी तो शब्द आला की तिला आपल्या पोराने गुन्हा केलाय असं वाटणं हा एक खरा प्रसंग आहे. तो वापरा.

वयावरून वाद होतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी असलेली माणसं वाडीवाडीत सापडतात, आणि आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरला जात नाही. दलालाने ‘एकोणीस सांग’ असं पढवलेली मुलगी चौकशीत एकोणीसच सांगते, आणि तिच्या दुधाचे दात पडल्याच्या आठवणी अजून ताज्या असतात.

लैंगिक गुन्हा असेल तर पोक्सोप्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. साक्षीच्या वेळी आरोपी दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय करायची असते, वकिलाला थेट मुलावर तुटून पडता येत नाही. त्यामुळे भर कोर्टात मुलीने बोट दाखवून ‘हाच तो’ असं ओरडण्याचं दृश्य कितीही मोहात पाडलं तरी सोडून द्या. तसंच ‘दोन बोटांची चाचणी’, म्हणजे अत्याचार झालेल्या मुलीला लैंगिक संबंधांची सवय होती का हे शोधू पाहणारी अशास्त्रीय तपासणी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरायला सांगितलं आहे. कथेतल्या डॉक्टरने ती केली तर तिला वैद्यकीय पुरावा म्हणून मांडू नका.

सुटकेनंतरची पानं

पुस्तकाची निदान एक तृतीयांश पानं इथे द्या. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठबिगाराचं कर्ज रद्द होतं आणि मुक्तीचा दाखला मिळतो. पण दाखला निघायला वेळ लागतो, आणि तोवर उचल देणारा वाडीत फेऱ्या मारतो. समिती घरी पाठवण्याआधी घराची सामाजिक तपासणी करून घेते, कारण ज्या घरातून मूल गेलं तिथूनच ते पुन्हा जाऊ शकतं. मूल महिनोन्‌महिने बालगृहात थांबतं आणि त्याला ती शिक्षा वाटते. ‘सुटका केलीत म्हणता, मग घरी का सोडत नाही?’ हा प्रश्न त्याला विचारू द्या.

सुटलेलं मूल वाचवणाऱ्यांवर चिडतं, गादीखाली भाकरी लपवतं, अंथरूण ओलं करतं, जबाब बदलतं. आधी काहीच झालं नाही म्हणतं, मग थोडं सांगतं, मग ते नाकारतं. हे खोटारडेपण नाही, सांगणं असंच तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि तुमच्या कथेची रचनाही तशीच ठेवता येईल. वाडीतल्या बायका काय कुजबुजतात, शाळेत पुन्हा कोणत्या वर्गात बसवतात, मेंढी कुणी विकून खाल्ली का, हेही या पानांवर यायला हवं.

शब्द तपासा

हस्तलिखित पूर्ण झालं की शोधून काढा: कळी, फूल, अब्रू, शील, नराधम, चिमुरडी, नासवलेली, जिवंत प्रेत. निवेदनात यांपैकी एकही राहू नये. एखाद्या पात्राच्या तोंडी चालेल, कारण त्यातून पात्र कळतं. ‘अब्रू गेली’ म्हटलं की अपराधाचं ओझं मुलीकडे सरकतं. ‘बालवेश्या’ असं कुणी नसतं, शोषण झालेलं मूल असतं. ‘चाइल्ड पॉर्न’ हा शब्दही टाळावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. लैंगिक शोषणाचं साहित्य म्हणा. क्रियापदंही बघा. ‘ती विकली गेली’ या वाक्यात विकणारा लपतो, ‘तात्याने तिला सात हजारांत नेलं’ यात तो समोर उभा राहतो.

छापायला देण्याआधी

तीन जणांकडून वाचून घ्या: बालकांबरोबर काम करणारा समुपदेशक, कायदा जाणणारा वकील, आणि त्या समाजातला वाचक. तिसऱ्याचा आक्षेप सर्वांत आधी ऐका. मुखपृष्ठावर मुलीचा अंधारातला चेहरा, गजाआडचे डोळे, बांधलेले हात नकोत. प्रकाशक ‘खपतं’ म्हणाला तरी नकोत. घडी घातलेला फ्रॉक किंवा वहीचं पान पुरेसं बोलतं.

पहिल्या पानावर दोन साधी वाक्यं द्या: पुस्तकात मुलांच्या शोषणाचा विषय आहे, वाचताना जड वाटलं तर थांबावं. शेवटच्या पानावर मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक छापा. चोवीस तास चालतो, फोन फुकट लागतो, आणि मूल स्वतःही करू शकतं. आकडे मोठ्या ठशात घ्या, म्हणजे वाचता येणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला पुस्तक न वाचताही दिसतील.